कंबर धरलीय, दुसरं काही नाही

नमस्कार श्रोतेहो.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या बाकावर कधीतरी तासभर बसून पाहा. बायकांची ओळखपाळख निघते, सुना-जावयांचा विषय होतो. पंचावन्न-साठीचा एखादा गडी मात्र केसपेपरची सुरळी करत, पुन्हा उलगडत भिंतीला टेकून असतो. नंबर लागला की डॉक्टरांना म्हणतो, "कंबर धरलीय, दुसरं काही नाही." मागून बायको पुटपुटते, "साहेब, ह्यांना रात्रीची झोपच नाही हो. जरा कशावरून अंगावर येतात." तो वळून असा बघतो, की तिचं पुढचं बोलणं घशातच राहतं. गोळ्या मिळतात, आणि आजार आला तसा एसटीनं परत जातो.

नैराश्य म्हटलं की रडवेला, कोपऱ्यात बसलेला माणूस आपल्यासमोर येतो. पुरुषाचं पुष्कळदा तसं नसतं. तो चिडतो, वाहन वेडंवाकडं चालवतो, रोजची एक 'क्वार्टर' दोनवर जाते, नाहीतर अंग दुखतं. घरचे म्हणतात, स्वभाव बिघडला. स्वभाव असा सहा महिन्यांत बिघडत नसतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये झालेल्या दोन अभ्यासांचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. एक अभ्यास नैराश्याचा, दुसरा दारूचा. समुपदेशन करणारी माणसं डॉक्टर नव्हती, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. नैराश्याच्या उपचाराला आलेल्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. दारूचा अभ्यास तर आखलाच होता पुरुषांसाठी. आता याच्या जोडीला एक आकडा ऐका. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली; त्यांत दर दहांमागे सात पुरुष. सर्वांत जास्त नोंदी आपल्या महाराष्ट्रातल्या. म्हणजे मदत मागायच्या रांगेत जो दिसत नाही, तो या यादीत पुढे असतो.

पुरुषाला मित्र नसतात असं नाही. पारावर, टपरीवर चांगला अड्डा जमतो. कापसाचा भाव, क्रिकेट, कोण कुठल्या पक्षात गेला, सगळं निघतं. कर्ज किती झालं, मुलगा बोलत का नाही, हे निघत नाही. आणि विधुराची गत तर विचारू नका. इतकी वर्षं नणंदेला, मावशीला, लग्न झालेल्या मुलीला फोन बायको करायची; हा पलीकडून "माझाही नमस्कार सांग" म्हणायचा. ती गेली आणि तेराव्यानंतर फोन वाजायचा थांबला. नंबर सगळे आहेत, पण बोलायला सुरुवात काय करायची हेच ह्याला येत नाही. निवृत्त माणसाचंही थोडंफार असंच. ऑफिस सुटलं की डबा खायची जोडी सुटते.

गोव्यातल्या नैराश्याच्या उपचारात सहा ते आठ बैठका होत, आणि त्यांचा गाभा होता सुटलेली कामं पुन्हा हातात घेणं. सकाळचं फिरणं, भजनी मंडळ, बंद पडलेली परसबाग. मन बरं झालं की उठेन, असं म्हणत बसायचं नाही. आधी उठायचं, मन मागाहून येतं. मला ही पद्धत पुरुषांच्या जवळची वाटते. समोरासमोर बसून "तुला काय वाटतं?" विचारलं, तर आपला माणूस "काही नाही" म्हणून मोकळा होतो. "चल, मोटर बघायची आहे, जरा बरोबर ये" म्हटलं, तर वाटेत दोन वाक्यं बोलतो. तेव्हा मध्ये तोडू नका. "अरे, मर्दासारखा राहा" हे तर अजिबात नको. आणि त्यानं जगण्यात अर्थ नाही असं काही म्हटलं, तर चेष्टा समजू नका. स्पष्ट विचारा, जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही. होय म्हणाला, तर त्याला एकट्याला सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, कामातली गोडी गेली असेल, तर हा वयाचा किंवा स्वभावाचा भाग नव्हे. उपचार आहेत. सरकारची 'टेलि-मानस' सेवा २०२२ पासून चालू आहे. फोन फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. नंबर लिहून घ्या: १४४१६. पुन्हा सांगतो, एक, चार, चार, एक, सहा. घरातल्या बाईनं भावासाठी, नवऱ्यासाठी लावला तरी चालतो.