वार्धक्याकडे सलग पाहताना

श्रोतेहो, नमस्कार.

साठी ओलांडलेल्या माणसाच्या घरी बहुधा तीन-चार फाइली सापडतात: मधुमेहाची, डोळ्यांची, गुडघ्यांची, रक्तदाबाची. प्रत्येक फाइलमागचा डॉक्टर आपल्या जागी बरोबर असतो; परंतु त्या सगळ्या एकत्र ठेवून माणसाकडे पाहणारा कोणी क्वचितच भेटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या अहवालात निरोगी वार्धक्य ठरवताना आजारांच्या संख्येपेक्षा, माणसाला जे मोलाचे वाटते ते करण्याची त्याची क्षमता किती टिकली आहे, याला महत्त्व दिले. पुढे हालचाल, पोषण, दृष्टी, श्रवण, स्मृती आणि मनःस्थिती यांची एकत्रित तपासणीही तिने आखून दिली.

एकत्रित कशासाठी, हे कानांवरून ध्यानात येईल. ऐकू कमी येऊ लागले की चारचौघांत पुन्हा पुन्हा ‘काय म्हणालात?’ असे विचारण्याचा संकोच वाटतो. मग ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक, भजन, संध्याकाळचा कट्टा हळूहळू सुटतो आणि त्यानिमित्ताने होणारे चालणेही थांबते. चालणे थांबल्याने मांड्यांचे स्नायू झिजतात, भूक मंदावते, आणि एखाद्या रात्री न्हाणीघरात तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया खुब्याची होते. कानांचा विषय निघतही नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे जे १४ बदलता येण्याजोगे धोके सांगितले, त्यांत श्रवणदोष, सामाजिक एकटेपणा आणि हालचालीचा अभाव हे तिन्ही आहेत. चष्मा लावण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, श्रवणयंत्र लावण्यात मात्र वाटतो, हे मला अजून उमगलेले नाही.

आपल्याकडे सकाळचा फेरफटका म्हणजेच व्यायाम, अशी समजूत आहे. फेरफटका चांगलाच, पण पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायामही करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. खुर्ची भिंतीला टेकवून, हात छातीवर दुमडून पाच वेळा उठा-बसायला १४ सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर पायांची ताकद तपासून घ्यावी. ही चाचणी करताना जवळ कोणीतरी असावे.

स्नायू केवळ व्यायामाने टिकत नाहीत. कवळी सैल झाली की भाकरी आणि उसळ ताटातून जाते, रात्री नुसता मऊ भात किंवा चहा-खारी उरते आणि प्रथिने कमी पडतात. भारतीय शिफारशीनुसार ६० किलो वजनाच्या माणसाला रोज सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. वयस्करांनी त्याहून थोडी अधिक घ्यावीत, असे अनेक तज्ज्ञ सांगतात. मुगाचे धिरडे, पिठले, दही, मऊ शिजवलेली मटकी, चालत असल्यास अंडे, हे सारे दातांवाचूनही खाता येते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

राहिली औषधे. रक्तदाबाची, झोपेची आणि प्रोस्टेटची काही औषधे एकत्र आली की उठून उभे राहताच चक्कर येऊ शकते. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, काढे आणि चूर्णेसुद्धा एका पिशवीत घालून वर्षातून एकदा तरी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपुढे ठेवावीत, आपल्या मनाने एकही बंद करू नये, आणि रक्तदाब बसून मोजून झाल्यावर उभे राहूनही मोजायला सांगावा.