पेनेलोपीचा माग

[पडद्यावर: तळहातावर ठेवलेलं भाजक्या मातीचं वजन. आकार शंकूसारखा, वरच्या टोकाशी आरपार भोक.]

मातीचा हा गोळा साधारण दोनशे ग्रॅमचा. भोकातून दोरी ओवायची आणि दोरीला सुताची जुडी बांधायची, एवढंच त्याचं काम. ग्रीसमध्ये जुनी घरं उकरली की अशी वजनं निघतात. ती एका ओळीत पडलेली सापडली तर समजायचं की इथे माग उभा होता. मागाचं लाकूड कुजून जातं, लोकर कुजून जाते. माती तेवढी उरते.

ग्रीक पुराणकथांतल्या राण्यांपर्यंत पोहोचायचा एक रस्ता या वजनापासून सुरू होतो. प्राचीन ग्रीक कवी होमर याच्या काव्यात राणी दिसली की बहुधा तिच्या हातात सूत असतं किंवा समोर माग असतो. हेलन, अँड्रोमाखी, आरेटे, सगळ्यांचं तसंच. पेनेलोपीची तर सगळी गोष्टच मागावर उभी आहे.

[पडद्यावर: इथाका बेटाचा किनारा, ऑलिव्हची झाडं.]

इथाकाचा राजा ओडिसियस ट्रॉयच्या युद्धाला गेला आणि वीस वर्षं घरी आला नाही. दहा वर्षं युद्धात गेली, दहा परतीच्या वाटेवर. इकडे राणीशी लग्न करायला टपलेले १०८ जण वाड्यात ठाण मांडून बसले. शेजारच्या बेटांपैकी दुलिखियॉनचे ५२, सामेचे २४, झाकिन्थॉसचे २० आणि खुद्द इथाकाचे १२. रोज वाड्यातलीच डुकरं नि शेळ्या कापायच्या, वाड्यातलंच द्राक्षमद्य प्यायचं आणि राणीच्या होकाराची वाट बघायची.

पेनेलोपीने त्यांना सांगितलं, सासरे लाएर्टीस थकलेत, त्यांच्यासाठी प्रेतवस्त्र विणायला घेतलंय, ते पुरं होईपर्यंत थांबा. एवढी मालमत्ता मिळवलेला माणूस वस्त्रावाचून गेला, तर गावातल्या बायका मला नावं ठेवतील. हे कारण कुणालाही खोडता येण्यासारखं नव्हतं. मग ती दिवसा विणायची आणि रात्री मशाली लावून विणलेलं उकलायची. तीन वर्षं तिने असं रेटलं. चौथ्या वर्षी ती पकडली गेली.

ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पण रात्रीत कापड उकलायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुठे अवघड आहे आणि तीन वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, हे कळायला तिचा माग जवळून बघायला हवा.

[पडद्यावर: न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली छोटी कुपी. काळ्या आकृत्यांमध्ये मागाशी उभ्या दोन स्त्रिया.]

ही तेलाची कुपी जेमतेम १७ सेंटिमीटर उंच आहे. इसवीसनपूर्व सहाव्या शतकाच्या मध्यावर अथेन्समध्ये ती रंगवली गेली. रंगवणाऱ्याला आज अमासिस चित्रकार म्हणतात. एवढ्याशा जागेत त्याने लोकर तोलणाऱ्या, सूत कातणाऱ्या, विणणाऱ्या आणि तयार कापडाच्या घड्या घालणाऱ्या स्त्रिया बसवल्या आहेत. मध्यभागी माग आहे.

दोन उभे खांब, वर आडवा दांडा. खांब भिंतीला किंचित तिरके टेकवलेले. वरच्या दांड्यावरून उभे धागे, म्हणजे ताणा, खाली सोडलेला, आणि ताण्याच्या खालच्या टोकांना मातीची वजनं. आपल्याकडच्या खड्डामागावर विणकर बसून विणतो आणि ताणा जमिनीला समांतर असतो. इथे ताणा लोंबतो आणि विणणारी उभी असते. कापड वरून खाली वाढतं, म्हणून प्रत्येक आडवा धागा, म्हणजे बाणा, खालून वर ठोकून बसवावा लागतो. दिवसभर हात खांद्याच्या वर. पन्हा हाताच्या कवेत मावत नसेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं. होमर विणणाऱ्या स्त्रीचं वर्णन करताना ती मागासमोर येरझाऱ्या घालते असं म्हणतो. त्याच्या काव्यातल्या कॅलिप्सो आणि किर्की या दोन देवता गात गात अशाच विणत असतात. कवीने मागाचं काम नीट पाहिलेलं होतं, असं या एका क्रियापदावरून म्हणता येतं.

आता मांडणी. आधी एक अरुंद पट्टी विणतात. तिचा बाणा एका बाजूने लांबच लांब बाहेर काढून ठेवायचा. हे बाहेर आलेले धागे म्हणजेच मोठ्या कापडाचा ताणा. पट्टी वरच्या दांड्याला शिवून टाकली की धागे सारख्या अंतरावर लटकतात. मग एक आड एक धागे वेगळे करायचे. अर्धे खालच्या आडव्या काठीच्या पुढून, अर्धे मागून, आणि दोन्ही थरांना वजनांची आपापली ओळ. मागच्या थरातल्या प्रत्येक धाग्याला दोऱ्याचा एक फास घालून सगळे फास एका हलत्या काठीला बांधायचे. ती काठी पुढे ओढली की मागचे धागे पुढे येतात आणि एक फट उघडते. सोडली की ते मागे जातात, दुसरी फट उघडते. या दोन फटींतून आळीपाळीने बाणा गेला की साधी वीण तयार.

वजनांचा हिशेब मात्र चुकवून चालत नाही. बारीक लोकरी धाग्याला साधारण १० ग्रॅम ताण लागतो असं धरू. एक मीटर पन्ह्याचं कापड, दर सेंटिमीटरला १० धागे, म्हणजे ताण्यात १००० धागे. दोनशे ग्रॅमच्या एका वजनावर २० धागे बसतात, तेव्हा लागली ५० वजनं, प्रत्येक ओळीत २५. मीटरभरात २५ वजनं शेजारी शेजारी टांगायची तर एकेकाची जाडी चार सेंटिमीटर हवी. याहून जाड घेतली तर ताणा खाली फाकतो, पातळ घेतली तर आत ओढला जातो. वजन जास्त झालं तर बारीक धागा तुटतो. कमी झालं तर धागे सैल पडतात, एकमेकांना चिकटतात आणि फट स्वच्छ उघडत नाही. म्हणूनच उत्खननात मिळालेल्या वजनांचा भार आणि जाडी मोजून त्या घरात जाड कापड विणत होते की तलम, याचा अंदाज अभ्यासक बांधू शकतात. कोपनहेगन विद्यापीठाच्या वस्त्रसंशोधन केंद्रात असे माग उभारून, त्यांवर विणून हे हिशेब पडताळून पाहिले गेले आहेत.

[पडद्यावर: टकळी फिरते आहे. बोटांतून लोकर सुटते, पीळ वर चढतो.]

सगळ्यात जास्त वेळ खातं ते सूत. याच मापाचं दोन मीटर लांब कापड घेतलं, तर टोकाशी वाया जाणारं धरून ताण्याला अडीच हजार मीटर आणि बाण्याला आणखी दोन हजार मीटर सूत लागतं. टकळीवर चांगल्या हाताने तासाला ४०-५० मीटर बारीक सूत निघतं. म्हणजे नुसतं कातायलाच शंभर तास. लोकर धुणं, विंचरणं, रंगवणं वेगळं.

पेनेलोपीच्या युक्तीतलं शहाणपण इथे दिसतं. तिने कापड कापलं किंवा जाळलं असतं तर सूत गेलं असतं आणि शंभर तासांची मेहनतही. उकलल्यावर सूत शाबूत राहतं. ती रोज फक्त विणणं वाया घालवत होती. कातणं नाही.

पण उकलणं हे विणण्याइतकंच किचकट आहे. शेवटचा बाणा आधी काढायचा, मग त्याच्या वरचा. प्रत्येक बाण्यासाठी तो ज्या फटीतून गेला तीच फट पुन्हा उघडायची, एकदा काठी ओढून, एकदा सोडून. लोकरीला सूक्ष्म खवले असतात. ठोकून बसलेला धागा शेजाऱ्यांना धरून ठेवतो, एका टोकाला धरून ओढला तर तुटतो. म्हणून टोकदार काडीने वीतभर सैल करायचा, काढायचा, गुंडाळायचा आणि पुढे सरकायचं. दोन टोकांना दोघी असल्या तर काम भराभर होतं. उकललेलं सूत नागमोडी होतं. ते ओलं करून ताणून गुंडाळावं लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या विणीत सुरकुत्या येतात. हे सगळं मशालीच्या उजेडात, आणि समोर लोकर असताना मशाल फार जवळ आणून चालत नाही.

खरी अडचण ताण्याची. बाणा रोज निघतो आणि पुन्हा भरला जातो, ताणा मात्र तोच राहतो. दर दिवशी त्यावर ठोके पडतात, काडी घासते, फास घासतात. धाग्यावर बारीक तंतू उठतात, शेजारचे धागे एकमेकांत गुंततात, पीळ सुटत जातो आणि एक दिवस धागा तुटतो. गाठ मारता येते, पण किती गाठी मारणार? माझ्या मते एकाच बारीक ताण्यावर तीन वर्षं निघणं शक्य नाही. मधून मधून ताणा बदलावाच लागला असता, आणि नवीन ताणा मांडणं हे एका रात्रीचं किंवा एकटीचं काम नव्हे.

[पडद्यावर: इटलीतल्या किउसी गावच्या संग्रहालयातला पेला. खाली मान घालून बसलेली पेनेलोपी, समोर भाले घेतलेला मुलगा, मागे माग.]

इसवीसनपूर्व ४४० च्या सुमाराचा हा पेला. टेलेमाखस आईसमोर उभा आहे. मागे मागाच्या वरच्या दांड्यावर तयार कापड गुंडाळलेलं दिसतं आणि त्याच्या खाली नक्षीचा पट्टा, त्यात पंख असलेला घोडा. ती नक्षी महत्त्वाची आहे. साधं कापड असतं तर काही आठवड्यांत संपलं असतं, आणि तीन वर्षं थांबायला कुणी तयार झालं नसतं. आकृत्या भरायच्या म्हणजे रंगीत बाण्याचे तुकडे जागच्या जागी हाताने घालायचे, तेव्हा दिवसाला बोटभर पट्टा पुढे सरकला तरी संशय येत नाही. होमरच्या काव्यात नक्षीचा उल्लेख नाही, कापड तलम आणि फार मोठं होतं एवढाच आहे. पण चित्रकाराला हा हिशेब ठाऊक होता असं मला वाटतं.

तरीही खुणा होत्याच. कापड वाढलं की वरच्या दांड्यावरची गुंडाळी जाड व्हायला हवी. ती होत नव्हती. गुंडाळी वर चढली की वजनं जमिनीपासून उचलली जातात, मग वजनांपाशी गुंडाळून ठेवलेला जादा ताणा सोडून ती पुन्हा खाली घ्यावी लागतात. तो जादा ताणाही संपत नव्हता. माग वापरलेल्या कुणालाही हे दोन कटाक्षांत कळलं असतं. पण १०८ पुरुषांपैकी एकानेही माग वापरलेला नव्हता. ही गोष्ट सांगणाऱ्या होमरच्या ओडिसी या काव्याच्या सुरुवातीलाच टेलेमाखस आईला सांगतो, तू आत जा, तुझा माग आणि चाती बघ. बोलणं हे पुरुषांचं काम. हाच समज तीन वर्षं तिची ढाल झाला.

वाड्यात ५० दासी होत्या, लोकर विंचरायला शिकवलेल्या. त्यांना ही गोष्ट समजणारच होती. अखेर त्यांच्यातल्याच एकीने सांगितलं आणि मागणीदारांनी राणीला मशालीच्या उजेडात उकलताना पकडलं. मग नाइलाजाने कापड पुरं करावं लागलं. धुऊन बाहेर आणलं तेव्हा ते सूर्यासारखं किंवा चंद्रासारखं चमकत होतं, असं त्या मागणीदारांपैकीच एकाचा आत्मा पुढे पाताळात सांगतो.

[पडद्यावर: जांभळट लाल रंगात बुडवलेली लोकरीची लडी.]

पेनेलोपीची चुलत बहीण हेलन. ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या इलियड या काव्यात ती पहिल्यांदा दिसते ती मागावरच. मोठं, दुपदरी, जांभळट लाल कापड, आणि त्यात ती भरते आहे ट्रोजन आणि ग्रीक यांच्या लढाया, ज्या तिच्यामुळे, तटाबाहेर त्याच वेळी चालू आहेत. फिएशियन लोकांची राणी आरेटे हिची नजर आणखी धारदार. समुद्रातून वाचून आलेला अनोळखी माणूस वाड्यात येतो आणि ती त्याच्या अंगावरचा झगा नि अंगरखा बघून विचारते, हे कपडे तुला कुणी दिले? ते तिनेच दासींबरोबर विणलेले होते. आपल्या हातची वीण ती विसरली नव्हती.

आणि अँड्रोमाखी, ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याची बायको. नवरा तिला एका भीतीबद्दल सांगतो: ट्रॉय पडलं तर तू ग्रीसमधल्या आर्गोसमध्ये परक्या बाईच्या हुकमाने तिच्या मागावर विणशील.

ही भीती कविकल्पना नव्हती. ग्रीसच्या नैर्ऋत्येला पायलोस इथला राजवाडा इसवीसनपूर्व ११८० च्या सुमारास जळाला, आणि आगीत भाजल्यामुळे हिशेबाच्या मातीच्या पाट्या टिकून राहिल्या. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिसने ती लिपी उलगडली, तेव्हा त्यांत कामकरी स्त्रियांच्या शेकडोंच्या याद्या निघाल्या. सूत कातणाऱ्या, विणणाऱ्या, त्यांची मुलं, आणि त्यांना द्यायचे गहू आणि अंजीर. काही गटांना गावांवरून नावं आहेत: मिलेटसच्या, क्निडसच्या, लेम्नोसच्या. ही ठिकाणं एजियन समुद्राच्या पलीकडच्या अंगाला, ट्रॉयच्या बाजूला आहेत. या स्त्रियांची नावं पाट्यांवर नाहीत. फक्त संख्या आहे.

हेक्टर मेल्याची बातमी येते तेव्हा अँड्रोमाखी घराच्या आतल्या बाजूला मागावर विणत असते, कापडात रंगीत फुलं भरत. दासींना तिने पाणी तापवायला सांगितलंय, तो लढून आल्यावर अंघोळीसाठी. तटावरून आक्रोश ऐकू येतो आणि विणायची काडी तिच्या हातून खाली पडते.

[पडद्यावर: इथाकातली जुनी बाग, दगडी बांध.]

लाएर्टीस मात्र जिवंतच होता. वीस वर्षांनी ओडिसियस त्याला भेटायला जातो, तेव्हा म्हातारा बागेत एका रोपाभोवतीची माती उकरत असतो. अंगात मळका, ठिगळं लावलेला अंगरखा, पायांना काट्यांसाठी शिवलेली कातडी, हातांत मोजे, डोक्यावर शेळीच्या कातड्याची टोपी. सुनेने तीन वर्षं त्याच्या नावाने विणलेलं कापड चमकत पडून होतं, आणि याच्या अंगरख्याला ठिगळं होती. त्या दिवशी घरी आल्यावर म्हातारी दासी त्याला न्हाऊ घालते, तेल लावते आणि त्याच्या खांद्यावर चांगला झगा टाकते.