खर्ज राखून लो-कट

मंडळी, आज एकाच बटणाबद्दल बोलायचं आहे. डिजिटल मिक्सरवर माइक लागला की आपल्यातले बरेच जण आधी लो-कट, म्हणजे ठरावीक आकड्याखालचा आवाज दाबणारा फिल्टर, चालू करतात, आकडा १०० हर्ट्झवर ठेवतात आणि पुढच्या चॅनेलकडे वळतात. ही सवय अ‍ॅनालॉग मिक्सरची आहे. छोट्या अ‍ॅनालॉग मिक्सरवर लो-कटचं एकच बटण असायचं आणि आकडा कंपनीने ठरवलेला, ७५, ८० किंवा १००. पर्यायच नव्हता. बेहरिंगरच्या एक्स-३२ वर तोच लो-कट २० पासून ४०० हर्ट्झपर्यंत कुठेही ठेवता येतो, आणि उतार, म्हणजे त्या आकड्याखाली आवाज किती झपाट्याने दबत जातो ते, सप्तकाला १२, १८ की २४ डेसिबल हेही निवडता येतं. एवढी मोकळीक हातात असताना सगळ्यांना शंभराचाच पट्टा का लावायचा?

लो-कट हवाच, त्याबद्दल वाद नाही. लाकडी स्टेजवरची पावलं, पंख्याचा वारा, स्टँडला लागलेला धक्का हे सगळं माइकमध्ये शिरतं. शिवाय १०० हर्ट्झची लहर जवळपास साडेतीन मीटर लांब असते. ती स्पीकरच्या मागेही पसरते, स्टेजवर परत येते, आणि एवढ्या खाली माइकची दिशाही नीट राहत नाही. सात-आठ माइक उघडे असले की हा गाळ साचत जातो आणि सभागृह घुमायला लागतं. काढायचा तो हा गाळ. गाणं काढायचं नाही.

शास्त्रीय मैफलीत आकडा कुठून आणायचा? गवयाकडून. सरळ विचारा, “बुवा, सूर कोणता?” काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) म्हणाले, तर षड्ज साधारण १३९ हर्ट्झ. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम त्याच्या पाऊणपट, म्हणजे १०४. मंद्र षड्ज निम्म्यावर, ६९. आता १०० वर २४ चा उतार लावून बघा. बटरवर्थ जातीचा फिल्टर धरला तर मंद्र पंचम सुमारे अडीच डेसिबलने दबतो आणि मंद्र षड्ज तब्बल १३ डेसिबलने. वरचे स्वरांश शिल्लक असतात, त्यामुळे सूर ओळखू येतो, पण त्याचं वजन जातं. वर्षानुवर्षं पहाटे उठून खर्ज भरलेल्या माणसाची कमाई आपण एका बोटाने पुसतो. मला हे सहन होत नाही. तिथे ६० वर १२ चा उतार ठेवला तर मंद्र षड्ज दोन डेसिबलसुद्धा दबत नाही आणि खालची धडधड तरीही बरीच कमी होते. गायिका काळी चारमध्ये गात असतील तर गणित वेगळं: षड्ज २०८, मंद्र पंचम १५६. त्यांच्या माइकवर १२० बेलाशक ठेवा. मंद्र षड्जापर्यंत उतरणार असतील तर मात्र आकडा खाली घ्या. आकडा ठरला की आलापाच्या वेळी तो हळूहळू वर न्या, आवाज पातळ झाला असं वाटलं की थोडा मागे या. गणिताने जागा कळते, पक्की कानाने करायची.

आता डिजिटल मिक्सरमधली एक गोष्ट नीट समजून घ्या. यातला लो-कट हे गणित आहे, आणि ते कन्व्हर्टरनंतर, म्हणजे माइकच्या सिग्नलचे आकडे झाल्यावर, चालतं. माइक, मग प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग), मग कन्व्हर्टर, त्यानंतर फिल्टर. निवेदकाने तोंड माइकला चिकटवून जोरात “प” म्हटलं आणि कन्व्हर्टर मर्यादेबाहेर भरला, तर झालेली फाटाफूट फिल्टर दुरुस्त करू शकत नाही. तो फक्त तिच्यातला खालचा भाग काढतो, करकर तशीच राहते. म्हणून इलाज आधी करायचा: माइकला फोम, तोंडापासून जरा तिरका माइक, गेन (प्रीअँपची वाढ) बेताचा. काही कंडेन्सर माइकवर स्वतःचा स्विच असतो. शुअरच्या एसएम-८१ वर ८० हर्ट्झखाली १८ डेसिबलचा किंवा १०० खाली ६ डेसिबलचा उतार माइकमध्येच लावता येतो. तो प्रीअँपच्याही आधी काम करतो, मोकळ्या मैदानात वाऱ्यासाठी हाच उपयोगी.

तबल्याला दोन माइक असतील तर आणखी काळजी हवी. डग्ग्याची घुमारी खूप खालून येते, तिथे मी ४० च्या वर जात नाही. दायाच्या माइकला १५० चालतं, दाया त्याच्या बराच वर बोलतो. पण डग्गा दायाच्या माइकमध्येही ऐकू येतो, आणि फिल्टर आवाज कमी करता करता त्याची फेजही, म्हणजे लहरीची वेळेतली जागाही, फिरवतो. ज्या आकड्यावर फिल्टर ठेवला तिथे १२ च्या उताराला ९० अंश, २४ च्या उताराला १८० अंश. दोन माइकवर दोन वेगळे उतार असले की डग्गा स्वतःशीच वजा होऊ शकतो. तपासायला मिनिटही लागत नाही. तबलजींना डग्ग्यावर मींड घ्यायला सांगा, दायाचा माइक बंद करा, चालू करा. चालू केल्यावर डग्गा बारीक झाला, तर दायाचा उतार बदला किंवा पोलॅरिटी उलटी करून (लहरीचे चढ आणि उतार अदलाबदल करून) ऐका. ज्यात डग्गा भरदार लागेल ते ठेवा, मग स्क्रीनवरचा आकडा काहीही असो.