'सती गेली' म्हणजे नक्की कोण गेलं?

नमस्कार मंडळी. वीस वर्षं मी मुंबईत एका मराठी पेपरच्या डेस्कवर काढली, नाईट करायची आणि पहाटेची पहिली लोकल पकडून घरी, त्यामुळे खोड अशी लागलीये की बातमी दिसली की मी आधी क्रियापद बघते. आता 'सती गेली' हेच घ्या. कोण गेली? तर ती गेली, आपणहून, बाकी सगळे बिचारे नुसते उभे होते!

4 सप्टेंबर 1987, राजस्थानातलं देवराला गाव. रूप कंवर, वय 18, लग्नाला जेमतेम आठ महिने, नवऱ्याच्या चितेवर जळून मेली. तेराव्याला हायकोर्टाची बंदी असूनही चितेच्या जागी चुनरी वाहून तिला सती म्हणून गौरवायचा सोहळा झालाच, माणसांची ही झुंबड. काही पेपरवाले तर बातमी देतायत की आरती म्हणतायत तेच कळेना.

तेव्हा बॉम्बे युनियन ऑफ जर्नालिस्ट्सच्या विमेन अँड मीडिया कमिटीने मुंबईहून तिघी पत्रकार तिकडे पाठवल्या, मीना मेनन, गीता सेशू आणि सुजाता आनंदन. चितेच्या जागेवर तलवारी घेतलेली पोरं पहारा देत होती आणि ह्या तिघी गावात विचारत फिरल्या की ती खरंच स्वतःहून बसली का हो? रिपोर्ट आला, 'ट्रायल बाय फायर'. साधाच प्रश्न, पण तो विचारायला मुंबईहून बायकांना जावं लागलं. त्याच वर्षी देशभर बायका रस्त्यावर आल्या, सतीबंदीचा नवा कायदा झाला, आणि त्यात सतीचा उदोउदो करणं हा सुद्धा गुन्हा धरला. म्हणजे शब्दांचाच गुन्हा की! (त्या उदोउदोच्या केसमधले आठजण ऑक्टोबर 2024 मध्ये सुटले, 37 वर्षांनी. असो.)

तसं आपल्याकडे तानूबाई बिर्जेंनी शंभर वर्षांपूर्वी, नवरा गेल्यावर, 'दीनबंधू' पेपरचं संपादन हातात घेतलं होतं, पण माझ्या वेळी डेस्कवर बाई मी एकटीच.

एका रात्री कॉपी आली, 'अब्रू लुटली'. मी म्हटलं, अहो, तिची अब्रू कशाला जाईल, गुन्हा त्याने केलाय, सरळ 'बलात्कार' लिहा ना. तर आमचे सीनियर म्हणतात, ताई, फॅमिली पेपर आहे आपला, आणि हेडिंगमध्ये बसणार नाही ते.

मी अक्षरं मोजून दाखवली. 'अब्रू लुटली' पाच, 'बलात्कार' चार.