पोहऱ्याचा झोका आणि काळाची भूमिती

नमस्कार श्रोतेहो. विषय भूमितीचा, आणि रेडिओवर आकृती काढायची सोय नाही. पण लाग्रांज या गणितज्ञानं १७८८ साली यांत्रिकीवरचा ग्रंथ काढला तेव्हा प्रस्तावनेतच बजावलं होतं, की यात एकही आकृती सापडणार नाही. मग आपणही तोंडीच चालवू.

विहिरीवर पाणी शेंदलंय कधी? रहाटावरून पोहरा वर येताना झुलतो. ८ मीटर दोर असताना एक झोका साधारण ५.७ सेकंदांचा, २ मीटर उरला की २.८ सेकंदांचा. वर येईल तसा पोहरा उतावीळ होतो, झोक्याचा कोनही वाढतो.

दोर बांधूनच ठेवला असता तर हिशेब सोपा होता. कागदावर आडवा कोन, उभा कोनीय संवेग, म्हणजे झोक्यातल्या फिरण्याचा जोर. पोहऱ्याची त्या क्षणाची स्थिती म्हणजे एक ठिपका, आणि झोका लहान असेल तर ठिपका एकाच लंबवर्तुळावर फिरत राहतो. पण दोर तुम्ही ओढताय! तुमच्या दंडातली ऊर्जा झोक्यात शिरतेय, लंबवर्तुळ बदलतंय, वाटा एकमेकींवरून जातात. सगळा गिचमिड काला.

तेव्हा दर क्षणाला नवा कागद घ्यायचा आणि गठ्ठा रचायचा. गठ्ठ्याची उंची म्हणजे काळ. आता वाटा एकमेकींना शिवतही नाहीत. मला यातली खरी गंमत वाटते ती पुढेच: दिशा झाल्या तीन, कोन, संवेग आणि काळ, आणि इथली भूमिती दिशांच्या जोड्या लावते. एक दिशा बिनजोडीची उरते, जरा तिरकी. किती तिरकी, ते ऊर्जेचं सूत्र ठरवतं. पोहरा नेमका त्याच दिशेनं जातो.

१९२२ साली एली कार्तां या फ्रेंच गणितज्ञानं हे पक्कं मांडलं. वाटांची मोळी घ्या, भोवती दोरा गुंडाळा. दोऱ्यावरून एक फेरी मारताना पावलोपावली संवेग गुणिले कोनातला फरक, त्यातून वजा ऊर्जा गुणिले काळातला फरक, असं मिळवत जा. दोरा वर सरकवा, तिरका करा, बेरीज तीच येते.

त्याआधी, १९११ साली ब्रुसेल्सला भौतिकशास्त्रज्ञांच्या सॉल्वे परिषदेत लोरेंट्झ या डच भौतिकशास्त्रज्ञानं विचारलं होतं, की लंबकाचा दोर हळूहळू आखडला तर काय होईल? आइन्स्टाइनचं उत्तर होतं, की ऊर्जा आणि वारंवारिता, म्हणजे सेकंदाला किती झोके, यांचं गुणोत्तर टिकेल. म्हणजे आपला दोर सावकाश ८ मीटरचा २ मीटर झाला, की झोक्याची ऊर्जा दुप्पट, वेळ निम्मा. दोन्हींचा गुणाकार म्हणजेच त्या लंबवर्तुळाचं क्षेत्रफळ, ते जवळजवळ होतं तेवढंच. दोराला हिसका दिलात तर हा गुणाकार बिघडतो. कार्तांची बेरीज तेव्हाही बदलत नाही.