निवेदन कापू नका

(एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘ऑनलाइन कार्यक्रम घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रित कसे करावेत’. तो मी सांगणार आहेच. पण एक गोष्ट कित्येक वर्षं मनात आहे, ती बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. रेकॉर्डिंग करा, भरपूर करा, पण गाण्याच्या आधी-नंतर निवेदक जे सांगतो, ते निवेदन कापू नका.

इथले बरेच जण शनिवारी रात्रीचा आकाशवाणीवरचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम ऐकत मोठे झालेत. १९५२ साली सुरू झालेला तो कार्यक्रम. पुढे घरोघरी टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेली यंत्रं आली आणि रेडिओवरचं गाणं कॅसेटवर उतरवायची सोय झाली. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. विलंबित होऊन द्रुत बंदिश रंगात आली, की नेमकं खट् करून बटण वर यायचं. हसताय, म्हणजे कॅसेट उलटायला तुम्हीही धावला आहात! कॅसेट स्वस्त नव्हती. मग टेप वाचवायची कशी? निवेदन सुरू झालं की पॉझ दाबायचा, तंबोरे ऐकू आले की सोडायचा. शहाणी, काटकसरी माणसं असंच करायची.

माझ्या एका स्नेह्यांचे वडील असेच काटकसरी आणि कानाचे पक्के. ते गेल्यावर घरात कॅसेटचे खोके निघाले. स्नेही म्हणाले, ऐकून यादी करून द्या. मी आनंदानं बसलो. गाणं असं, की काही ठिकाणी मी यंत्र थांबवून नुसता बसून राहिलो. एका कॅसेटवर मारवा राग आहे, कोणी बाई गातायत. मागे सारंगी. ती सारंगी गायिकेच्या तानेचं शेपूट असं उचलते, की आता तान कोणी घेतली आणि सूर कोणी लावला हे कळू नये. कव्हरवरच्या कार्डावर निळ्या शाईत काय लिहिलंय? ‘मारवा, छान’. बस्स.

बाई कोण ते जाणकारांना ऐकवून एकवेळ ठरवता येतं. पण सारंगिये कोण? मी ते मुद्रण दोन-तीन बुजुर्गांना ऐकवलं, प्रत्येकानं वेगळं नाव सांगितलं. शेवटी कॅसेटची ती बाजू सुरुवातीपासून हेडफोन लावून पुन्हा ऐकली. पॉझ सोडायला वडिलांनी किंचित घाई केली होती. आधी एक टक् असा आवाज, मग निवेदिकेचे चार शब्द, ‘...यांनी सारंगीची साथ केली आहे’, आणि लगेच तंबोरे. नाव त्या टक्‌च्या अलीकडे राहिलं. एका नावाला किती टेप लागते हो? दोन सेकंद!

मला वडिलांचा राग नाही. त्यांनी जपलं म्हणून तो मारवा आहे तरी. राग येतो तो आजही हेच चालतं याचा. आज टेपचा खर्च नाही, जागेची टंचाई नाही, तरी लोक आवडीचं मुद्रण एकमेकांना पाठवताना पुढचं-मागचं बोलणं कातरून ‘स्वच्छ’ करतात. गायकाचं नाव कुठंही सापडतं. तबलजी, हार्मोनियमवाले, सारंगिये, यांचं नाव पुष्कळदा त्या निवेदनातच असतं. केंद्राचं नाव, राग, ताल, बंदिशीचे बोल, मुद्रण जुनं असेल तर तेही तिथंच सांगतात. ते कापलं की हा माणूस त्या दिवशी वाजवायला बसला होता याचा पुरावाच जातो.

ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीच्या लोकांना हे बरोबर कळलं होतं. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांच्या तबकड्या मुद्रित झाल्या. गाणं संपलं की त्या ठणकावून सांगतात, ‘माय नेम इज गौहर जान’. तबकड्या छापायच्या होत्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कोण गातंय हे कसं कळणार? म्हणून नाव गाण्यातच भरून पाठवलं. तबकडी जेमतेम तीन मिनिटांची, तरी त्यातले काही क्षण नावाला दिले. आपल्याकडे अख्खी हार्ड डिस्क मोकळी आहे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं उरली आहेत. तेव्हा आता भराभर मूळ विषय. लिहून घ्या.

पहिलं म्हणजे स्पीकरसमोर मोबाइल धरून रेकॉर्डिंग करू नका. पंखा, कुकरची शिट्टी, दारावरची बेल, सगळं आत येतं. संगणकात आवाज आकड्यांच्या रूपात आहेच, तो हवेत सोडून परत पकडायची गरज नाही. विंडोजवर ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम घ्या. त्यात ऑडिओ सेटअपमध्ये होस्ट म्हणून ‘विंडोज वासापी’ निवडा आणि रेकॉर्डिंगचं साधन म्हणून आपल्याच स्पीकरचं नाव, ज्यापुढे ‘लूपबॅक’ लिहिलंय ते. ‘सॉफ्टवेअर प्लेथ्रू’ बंद ठेवा, नाहीतर आवाज घुमतो. लिनक्सवर याच कामाला ‘मॉनिटर’ नावाचं साधन दिसेल. मॅकवर ब्लॅकहोलसारखं आभासी साधन आधी बसवावं लागतं.

लूपबॅक संगणकावर वाजणारं सगळं टिपतो. ईमेलची टिंग, व्हॉट्सअ‍ॅपची टुंग, सगळं भैरवीत मिसळेल. सूचनांचे आवाज आधी बंद करा. आणि काहीच वाजत नसेल तर वासापीचं रेकॉर्डिंग थांबून राहतं, त्यामुळे नेट मध्येच तुटलं तर फाइलमध्ये ती पोकळी दिसत नाही, गाणं नुसतं आखूड होतं. कार्यक्रमाची लांबी घड्याळाशी ताडून बघा.

दुसरी रीत मला जास्त आवडते. वाजवून पकडायचं नाही, येणारा प्रवाहच जसाच्या तसा फाइलमध्ये उतरवायचा. प्रक्षेपणाचा थेट पत्ता (यूआरएल) ठाऊक असेल तर व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’मध्ये तो देऊन ‘कन्व्हर्ट’ निवडा आणि ‘डम्प रॉ इनपुट’वर खूण करा. एफएफएमपेग वापरणाऱ्यांनी कोडेकच्या जागी ‘कॉपी’ लिहावं. यात आवाज पुन्हा दाबला जात नाही, टिंगटुंगही शिरत नाही. प्रक्षेपण ६४ केबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटचं असेल तर ३२० च्या एमपी३ मध्ये साठवून ते सुधारत नाही. फाइल पाचपट होते, आवाज उलट किंचित बिघडतो.

जागेचा हिशेब. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल तासाला साधारण ६३५ एमबी. ऑडॅसिटी ३२ बिटमध्ये काम करते, त्यामुळे तिचा प्रोजेक्ट त्याच्या दुप्पट. ६४ केबीपीएसचा प्रवाह आहे तसा ठेवलात तर तासाला २९ एमबीच्या आसपास. लूपबॅकनं घेतलेलं फ्लॅक या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवा, जागा बरीच वाचते आणि आवाजातलं काही जात नाही.

रात्रीच्या कार्यक्रमाला ऑडॅसिटीत ‘टायमर रेकॉर्ड’ आहे. संगणकाचं झोपी जाणं त्या रात्रीपुरतं बंद करा. वेळ पाच मिनिटं आधीची लावा आणि शेवटही पाच मिनिटं पुढे न्या. नेटवरचं प्रक्षेपण रेडिओपेक्षा थोडं मागे असतं, शेवटचं निवेदन हमखास त्यातच कापलं जातं.

फाइलचं नाव तारखेनं सुरू करा, आधी साल, मग महिना, मग दिवस. म्हणजे आपोआप क्रमानं लागतात. मग केंद्र, कलाकार, राग. साथीदारांची नावं निवेदन ऐकून त्याच दिवशी टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आतल्या माहितीच्या रकान्यांत भरा, आणि शेजारी एक साधी मजकुराची फाइलही ठेवा.

कायद्याचं विचारलं जातं म्हणून सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३९ व्या कलमात प्रक्षेपणाचं स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं मुद्रण हक्कभंग धरलेलं नाही. प्रामाणिक अध्यापन आणि संशोधन यांनाही तीच मोकळीक आहे. नेटवर चढवणं, विकणं हा खासगी वापर नव्हे, त्याला परवानगी लागते. सशुल्क सेवांचं कुलूप तोडायच्या फंदातही पडू नका. मी बोलतोय ते आकाशवाणीसारख्या खुल्या प्रक्षेपणाबद्दल. २०१६ पासून शास्त्रीय संगीताची ‘रागम’ वाहिनी आहे, आपापल्या केंद्रांचे प्रवाह आहेत, उतरवायला भरपूर आहे.

आणि ज्यांच्या घरी जुन्या कॅसेट आहेत त्यांनी आजच कार्डांवरची शाई वाचून घ्या. वडीलधाऱ्यांना विचारा, हे कोणाचं, कधीचं, साथीला कोण. कोणाकडे मारवा असेल, बाईंचा, सारंगीच्या साथीचा, आणि सुरुवातीचं निवेदन शाबूत असेल, तर कार्यक्रम संपल्यावर मला जरूर भेटा.