हिरव्या झाकूला नवा रंग

समोर आहे झाकू-टू, ‘गंडम’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेतला रोबो. 1/144 प्रमाणातलं हाय ग्रेड श्रेणीचं प्लास्टिक किट, उभं केलं की जेमतेम साडेबारा सेंटिमीटर. बांदाई या जपानी कंपनीनं गंडमचं पहिलं किट जुलै 1980 मध्ये 300 येनला विकायला आणलं, तेव्हा ते गोंदानं चिकटवून रंगवावं लागे. आता भाग रंगीत प्लास्टिकमध्येच ओतलेले येतात आणि दाबून बसतात. रंग लावला नाही तरी चालतं. म्हणूनच रंगवायचं ठरवलं की कंपनीनं सोपं केलेलं सगळं पुन्हा उलगडावं लागतं.

मूळ झाकूचं धड गडद हिरवं, हातपाय फिकट हिरवे. आपण हातपाय मळकट पांढरे करणार, धड गडद मोरपंखी, आणि नारिंगी फक्त उजव्या खांद्याच्या ढालीवर. नारिंगी आणखी दोन-तीन ठिकाणी लावायचा मोह होतो. तो आवरा, नाहीतर नजर कुठेच ठरत नाही.

आधी रोबो कोरडाच जोडून बघायचा. कुठला भाग कुठे घासतो, कुठली फट दिसते, हे याच वेळी कळतं. भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात त्या रनरपासून ते तोडताना दोन घाव घालायचे: पहिला दोन-तीन मिलिमीटर लांबून, दुसरा कडेशी. एकाच घावात तोडलं तर प्लास्टिक ताणलं जाऊन पांढरा डाग पडतो. उरलेला खुंट 400 नंबरच्या सँडपेपरनं घासायचा, मग 600 आणि 800. शेवटी भांड्याच्या साबणानं धुऊन पूर्ण वाळवायचं. बोटांचं तेल राहिलं, तर तिथलाच रंग पुढे टेपबरोबर निघून येतो.

करड्या प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, पातळ थर दिला की राहून गेलेले ओरखडे उघडे पडतात. मोरपंखीला हाच करडा चालतो. नारिंगीला नाही. नारिंगी रंग झाकायला कमजोर असतो, करड्यावर तो मातकट दिसतो. ढालीला आधी पांढरा द्या.

झटपट वाळणारा लॅकर रंग एक भाग, थिनर दीड ते दोन भाग. एअरब्रशची सुई 0.3 मिलिमीटरची, दाब 15 पीएसआयच्या आसपास. फार लांबून फवारलं तर थेंब वाटेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. फार जवळून फवारलं तर ओघळतो. पहिला थर धुक्यासारखा, पुढचे किंचित ओले. मोरपंखी लागेल तेवढा एकदमच कालवून ठेवा, तीच छटा पुन्हा जमणं कठीण. लॅकरच्या वाफा साध्या कापडी मास्कला जुमानत नाहीत. सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क हवा, आणि हवा बाहेर फेकणारा पंखा.

सांध्यांच्या खुंट्यांवर टेप लावायची. तिथे रंग चढला की भाग घट्ट बसतो आणि हात वळवताच रंग खरवडून निघतो.

आता भागांवरच्या खाचा उठून दिसाव्यात म्हणून त्यांतल्या गडद रेघा. पातळ केलेलं एनॅमल (सावकाश वाळणारा तैलरंग) खाचेत सोडायचं आणि सांडलेलं एनॅमल थिनरनं पुसायचं. नीट वाळलेल्या लॅकरला हे थिनर सहसा विरघळवत नाही, म्हणून हा क्रम. थरांची अदलाबदल केली, तर वरचं लॅकर खालचं एनॅमल उचलून टाकतं. मात्र ताणाखाली बसवलेल्या उघड्या एबीएस प्लास्टिकच्या सांध्यांत हे थिनर मुरलं की ते तडकतात. रेघा भाग सुटे असतानाच ओढायच्या.

डिकलच्या, म्हणजे चिकटवायच्या छापील खुणांच्या, आधी चकचकीत ग्लॉस थर, कारण खरखरीत पृष्ठभागावर डिकलखाली हवा अडकून चकाकते. शेवटी मॅट. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात हा थर दगा देतो: थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि मोरपंखीवर पांढुरकी साय येते. कोरडा दिवस बघा. घाईच असेल, तर सावकाश उडणारं रिटार्डर थिनर थोडं मिसळा.

डोळा मात्र मॅट सुकल्यावरच बसवायचा. आधी बसवला तर त्याची गुलाबी चमक मरते.